अनेक प्रयोगांवरून एक निष्कर्ष कसा काढतात?

विना नांगरट पेरणीचा एखादा प्रयोग यशस्वी झालेला पाहून कार्यकर्ता गावी परततो व तीच शिफारस सर्वांना करतो. शेजारच्या तालुक्यात मात्र तोच प्रयोग फसलेला असतो. दोन्ही ठिकाणची मापे खरी असू शकतात. परंतु एका शेतावरून व एका हंगामावरून सर्वांसाठी नियम बांधता येत नाही. चुकीच्या शिफारशीची किंमत शेतकऱ्यास वर्षाच्या धान्याने भरावी लागते.

यासाठी संशोधक पद्धतशीर आढावा घेतात. त्यात प्रश्न व प्रयोग निवडण्याचे नियम आधीच ठरवितात. मग त्या प्रश्नावरील सर्व प्रयोग शोधतात. छापलेले, तसेच शक्य तितके न छापलेलेही. हे काम कंटाळवाणे खरे, पण टाळण्याजोगे नव्हे. फसलेला प्रयोग बहुधा कपाटातच राहतो आणि केवळ छापील यश मोजल्यास नवी पद्धत आहे त्याहून चांगली भासते. पुढे प्रत्येक प्रयोगाची छाननी होते. तुलनेसाठी शेजारी जुन्या पद्धतीचा वाफा होता काय? प्रयोग पुन्हा पुन्हा केला होता काय? आकडे एकत्र करताना बाजूचे किती व विरुद्ध किती, एवढेच मोजून भागत नाही. अधिक भरवशाच्या प्रयोगास अधिक वजन देतात. ही दृष्टी शेतीला नवी नाही. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील येट्स व कॉक्रन यांनी १९३८ सालीच शेतीप्रयोगांच्या समूहाचे एकत्र विश्लेषण कसे करावे हे मांडले होते.

विना नांगरट पेरणीविषयी असे एकत्रित विश्लेषण २०१५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात ६३ देशांतील ४८ पिकांवरचे ६१० अभ्यास व त्यांतील ५,४६३ तुलना घेतल्या होत्या. नुसती नांगरट सोडली तेथे उत्पन्न सरासरी ९.९ टक्के घटले. पिकाचे अवशेष शेतात राखून फेरपालटही केली तेथे घट २.५ टक्क्यांवर आली. कोरड्या हवामानातील जिरायत शेतीत मात्र या तिन्ही गोष्टी एकत्र केल्याने उत्पन्न ७.३ टक्के वाढले. म्हणजे दोन्ही तालुक्यांचे अनुभव खरे ठरू शकतात. फरक अटींचा असतो.

म्हणून आढावा वाचताना सरासरीवर थांबू नये. आपल्यासारखी जमीन व पाऊस असलेले प्रयोग त्यात किती होते, ते पाहावे. ज्वारीचा कडबा जेथे जनावरांपुढे जातो, तेथे अवशेष राखण्याची अट प्रारंभीच गळते. अशा गावी शिफारस करण्यापूर्वी आच्छादनास दुसरे काय मिळेल, याची शेतकऱ्यांकडे चौकशी करावी.