ससा, पतंग आणि रंगाचा हिशेब

लेटरकेनीतल्या आमच्या पहिल्याच ऑक्टोबरात मुलीला घरामागच्या कुरणात ससा दिसला. लांब कान, लांब तंगड्या, अंग तांबूस तपकिरी. (हेअर काय नि रॅबिट काय, मराठीत दोघेही ससेच!) पुस्तकात वाचलेलं मी ऐटीत सांगून टाकलं, "हा डोंगरी ससा. डिसेंबरात पांढराशुभ्र होतो की नाही बघ." बिचारी फेब्रुवारीपर्यंत खिडकीशी उभी. ससा आपला तपकिरीच!

चूक माझी. पांढरे होतात ते याचे स्कॉटलंडमधले भाऊबंद. आयरिश ससा त्याच जातीची उपजात. पण इथे बर्फ फारसं टिकत नाही. पांढरा ससा हिरव्या माळावर कोल्ह्याला लांबूनच दिसेल. त्यामुळे हा बहुधा तपकिरीच राहतो, फार तर अंगावर थोडे पांढरे चट्टे.

पुढच्या जूनमध्ये दाराच्या दिव्यापाशी एक पतंग बसलेला (संक्रांतीचा नव्हे). पांढऱ्या पंखांवर जणू मिरपूड भुरभुरलेली: हाच तो प्रसिद्ध 'पेपर्ड मॉथ'. याचा काळा प्रकार मँचेस्टरला १८४८ मध्ये नोंदला गेला. कारखान्यांच्या काजळीनं झाडं काळवंडली, पांढरे पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले आणि १८९५ पर्यंत तिथले ९८ टक्के पतंग काळे झाले. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर हवा सुधारली, तसे पांढरे परतले. या निवडीचं गणित १९२४ साली मांडलं जे. बी. एस. हाल्डेन यांनी, तेच पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि भारतीय नागरिक झाले.

वरवर दोघांची युक्ती एकच वाटते. पण स्कॉटलंडमधला ससा दर हिवाळ्यात स्वतः कोट बदलतो. पंख फुटलेला पतंग मरेपर्यंत त्याच रंगाचा. तिथे बदलते ती पिढी, आणि पतंगाची पिढी वर्षाची. शिवाय ससा कोट बदलतो तो मुख्यतः दिवस लहान झाला म्हणून, बर्फ पडलं म्हणून नव्हे. आता तिकडे बर्फ कमी झालं, दिवस मात्र ठरल्या वेळीच लहान होतात. पांढरा ससा काळ्या माळावर उघडा पडतो. असे दिवस १९५० च्या दशकापासून वर्षाला सुमारे महिन्याभरानं वाढल्याचं २०२० च्या एका अभ्यासात दिसलं.

"मग आपल्या सशाला कुणी सांगितलं, पांढरा होऊ नकोस म्हणून?" मुलीनं विचारलं. कुणीच नाही, पांढरे होणारे बहुधा मागे उरलेच नाहीत, हे सांगताना मी जरा अडखळलोच. तिनं मात्र लगेच पुढचं विचारलं, "मग स्कॉटलंडमधल्यांचं काय होणार?"