जबलपूरचं वार्तापत्र : ‘प्लेस है?’

जबलपूरच्या आसपास किन्नर निवडून येतात, याचं इथे कुणाला फारसं अप्रूप नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी सोहागपूरने शबनम मौसींना आमदार केलं, शेजारच्या कटनीने कमला जान यांना महापौर. कटनीचं पद महिलांसाठी राखीव होतं. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेलं आणि २००३ मध्ये कमला जान पुरुष ठरल्या. खुर्ची गेली.

पण गे मुलाला या परंपरेचा काडीचा उपयोग नाही. मौसी वस्तीबाहेरची म्हणून चालते. हा तर घरातला, लग्नाच्या वयाचा. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये बाप, काका, मामा सगळे एकाच गेटमधून कामावर जातात. तिथे गुपित राहणार कुठे?

शहर मात्र झपाट्याने बदलतंय. ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या यादीत जबलपूर होतं, आता मदनमहल ते दमोह नाका असा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूलही झालाय. मोबाइलवरच्या डेटिंग ॲपवर अनोळखी माणूस किती मीटरवर आहे तेही कळतं. ‘हॅलो’नंतरचा प्रश्न ठरलेला : “प्लेस है?” उत्तर बहुधा ‘नाही’. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या गुन्ह्यातून वगळले, पण खोली द्यायची तर घरमालकानेच. मग नोकरीचं निमित्त सापडतं : इंदूर, पुणे, नाहीतर नागपूर. नागपुरात सारथी ट्रस्टसारखी संस्था आहे, प्राइडची मिरवणूक निघते. जबलपूरचा पोरगा तीत नाचतो आणि दिवाळीला घरी येऊन लग्नासाठी मुलींचे फोटो बघतो. याला भित्रेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

याच उच्च न्यायालयात २०२२ मध्ये एक बाप मुलीला परत मिळवायला आला. ती मैत्रिणीकडे राहत होती. न्यायाधीशांनी तिला विचार करायला एक तास दिला. तासाभराने तिने मैत्रीणच निवडली. मुलगी सज्ञान, म्हणून कोर्टाने जाऊ दिलं. कमला जानच्या वेळी प्रश्न लिंगाचा होता, या वेळी फक्त वयाचा.

समलिंगी लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नाकारला. अशा जोडप्यांच्या संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही, असं केंद्राने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. इथल्या एका ओळखीच्याला विचारलं, काढलं का खातं? तो हसला. “मैनेजर हमारे फूफाजी के साढू हैं.”