बांधावरची भुईआवळी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना इस्पितळात दाखल करावे लागले. परंतु जे वाचले, आणि जे दरसाल पाठीवर पंप घेऊन छातीएवढ्या कपाशीत उतरतात, त्यांच्या यकृतावर व मूत्रपिंडांवर काय गुदरते, याची नोंद सरकारी दप्तरात क्वचितच होते.

क्लोरपायरिफॉससारखे कीटकनाशक अंगात भिनले की त्याचा निकाल लावण्याचे काम यकृताकडे येते, आणि यकृतातील विकरे प्रथम त्याचे मूळ द्रव्याहून जहाल असे रूपांतर करून बसतात; या झटापटीत दाहक ऑक्सिजनकण निर्माण होतात, त्यांना आवरणारा ग्लुटाथायोनचा साठा खालावतो, पेशींची स्निग्ध आवरणे फाटतात आणि आतील विकरे रक्तात उतरतात. उत्सर्गाचा उरलेला भार दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळणाऱ्या मूत्रपिंडांवर पडतो.

ग्लुटाथायोन टिकवून धरण्याचा गुण काही वनस्पतींत आहे. क्लोरपायरिफॉस दिलेल्या उंदरांत हळदीतील कर्क्युमिनने यकृताची हानी कमी झालेली आढळली आहे; पानांच्या खाली मोहरीएवढी फळे ओळीने मिरवणारी, काविळीवर पिढ्यान्‌पिढ्या दिली जाणारी आपली भुईआवळी, तसेच घेटुळी म्हणजे पुनर्नवा, यांचे अर्कही अन्य विषांविरुद्ध प्राण्यांत असेच उपयोगी ठरले आहेत. भूमध्यसागराकाठच्या एका काटेरी वनस्पतीच्या बियांतील सिलिबिनिन तर युरोपात विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना शिरेतून देतात, कारण ते त्या विषाला यकृतपेशीत शिरूच देत नाही.

तथापि उंदराला अर्क बहुधा विषाच्या आधी वा सोबत, वजनावर मोजून मिळतो; मजुराच्या अंगात विष आधी जाते. घाम फुटून, बाहुल्या बारीक होऊन, श्वास कोंडू लागलेल्या माणसाला काढा पाजीत बसणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. त्याला तत्काळ इस्पितळात नेऊन अॅट्रोपिन हा उतारा दिला पाहिजे. शिवाय ज्या बांधावर फवाऱ्याचे तुषार व तणनाशक पडते, तेथलीच भुईआवळी उपटून आणणे हे औषधाबरोबर विषही घरी आणणे ठरेल.

हवे आहे ते असे, की हंगामापूर्वी व हंगामानंतर फवारणी करणाऱ्यांचे रक्त तपासण्याची तजवीज जिल्हा आरोग्य खात्याने करावी, हातमोजे व मुखपट्टी त्यांना मालकाच्या खर्चाने मिळावी, आणि या वनस्पतींच्या प्रमाणित अर्काची परीक्षा त्यांच्या राजीखुशीने, वैद्यकीय देखरेखीखाली व्हावी.