चढावरची सायकल आणि फुटपाथवरची आई

माझी आई दर उन्हाळ्यात पुण्याहून आमच्याकडे ब्रिस्टलला येते. मागच्या खेपेला घराजवळचा उतार उतरत असताना, फुटपाथवरच, एक सायकल मागून आली आणि तिच्या कोपराला घासून पुढे गेली. आई पडली नाही. हातातली पिशवी पडली, टोमॅटो उतारावरून घरंगळत गेले, आणि पुढचे चार दिवस ती एकटी घराबाहेर पडली नाही. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्या मुलाने घंटी वाजवली असेलही.

"पुण्यात फुटपाथवर स्कूटर येते, इथे सायकल. तेवढाच काय तो फरक," एवढंच ती म्हणाली. मी गप्प बसले. कारण त्याच फुटपाथवरून, सकाळी पावणेनऊला, लेकीला मागच्या सीटवर बसवून मीही सायकल चढवते.

माझं संशोधन पॉलिमरवरचं, वाहतुकीवरचं नाही. पण तुम्ही इंग्लंडात राहत असाल तर हा विषय कुठल्याही शेजाऱ्याकडे काढून पाहा, दोन मिनिटांत आवाज चढतात. सायकलवाले बेशिस्त, गाडीवाले उद्दाम, पादचारी बिचारे. यात भौतिकशास्त्र काय म्हणतं, ते फारसं कुणी विचारत नाही.

आधी कायदा सांगून टाकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये रस्त्याकडेच्या फुटपाथवर सायकल चालवणं हा गुन्हा आहे, आणि तो १८३५ च्या हायवेज अ‍ॅक्टमधल्या ७२ व्या कलमाखाली. पायडलची सायकल तेव्हा जन्मालाही आली नव्हती! त्या कलमात घोडा, गाढव, मेंढ्या, डुकरं आणि कुठल्याही प्रकारची गाडी फुटपाथवर आणायला बंदी आहे. पुढे १८८८ च्या कायद्याने सायकलला 'गाडी' ठरवलं आणि ती या मंडळींच्या रांगेत जाऊन बसली. १९९९ मध्ये यासाठी जागच्या जागी दंडाची पावती फाडायची सोय झाली. आज तो दंड साधारण ५० पौंड आहे. गंमत अशी, की ती सोय आणताना तेव्हाचे गृहखात्याचे मंत्री पॉल बोटेंग यांनीच लेखी स्पष्ट केलं होतं, की रहदारीच्या भीतीने फुटपाथवर येणाऱ्या आणि पादचाऱ्यांची काळजी घेणाऱ्या लोकांवर हा रोख नाही, पोलिसांनी तारतम्य बाळगावं. म्हणजे गुन्हा तर आहे, पण घाबरून केलात तर बघू.

आता घाबरायचं किती, ते मोजू या. चालणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्या माणसाजवळ किती गतिज ऊर्जा असते? हे शाळेतलं सूत्र आहे: वस्तुमानाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग. ६० किलोची माझी आई ताशी ५ किलोमीटरने चालते, तेव्हा तिच्याजवळ सुमारे ६० ज्यूल ऊर्जा असते. मी, लेक आणि सायकल मिळून ९० किलो. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने आम्ही सुमारे १,४०० ज्यूल घेऊन जातो. दीड टनाची मोटार ताशी ३० मैलांनी, म्हणजे ४८ किलोमीटरने गेली, की तिच्याजवळ साधारण १,३३,००० ज्यूल.

आईच्या दृष्टीने सायकल म्हणजे तिच्या तेवीसपट ऊर्जा. माझ्या दृष्टीने मोटार म्हणजे माझ्या पंचाण्णवपट. दोघींची भीती खरी आहे, आणि दोघींची भीती मागून येते. ब्रिटनमध्ये वर्षाला साधारण ४०० पादचारी रस्त्यावरच्या अपघातांत मरतात. त्यांतले सायकलच्या धडकेने गेलेले बहुतेक वर्षी एका हाताच्या बोटांवर मोजता येतात; उरलेल्यांना जवळजवळ सगळ्यांना मोटारी, व्हॅन, ट्रक आणि बस मारतात. पण हा आकडा मी आईला सांगितला नाही. चार दिवस घरात बसलेल्या माणसाची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

"फुटपाथवर आलातच तर निदान चालण्याच्या वेगाने या," असं समजूतदार लोक म्हणतात. वाटतं तितकं हे सोपं नाही. शाळेच्या गॅदरिंगमधली स्लो सायकल स्पर्धा आठवते? शेवटी पोहोचेल तो जिंकणार, पाय टेकला की बाद. अर्धी पोरं पहिल्या दहा फुटांतच बाद व्हायची आणि उरलेली शेजारच्याच्या पट्ट्यात घुसायची.

कारण असं: सायकल डावीकडे कलली, की आपण नकळत हँडल डावीकडे वळवतो आणि चाकं पुन्हा शरीराखाली आणतो. त्या वळणातून तोल सावरणारा जो रेटा मिळतो, तो वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग निम्मा केला, की तेवढाच रेटा मिळवायला हँडल साधारण चौपट वळवावं लागतं. म्हणून हळू जाणारी सायकल नागमोडी जाते आणि तिला जास्त रुंद पट्टा लागतो. २००७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका नमुना सायकलचं सगळं गणित प्रसिद्ध झालं. हँडलला हात न लावता नुसत्या पुतळ्यासारख्या बसलेल्या स्वारासह ही सायकल स्वतःचा तोल स्वतः कुठे सांभाळते? साधारण सेकंदाला ४.३ ते ६ मीटर या वेगांत, म्हणजे ताशी १५ ते २२ किलोमीटर. प्रत्येक सायकलचा आकडा थोडा वेगळा येईल, पण चालण्याचा वेग त्यात बसत नाही. थोडक्यात, फुटपाथला मानवेल त्या वेगात सायकल डगमगते, आणि सायकलला मानवेल तो वेग फुटपाथवर चालत नाही.

आता चढाकडे या. चढावर मी ताशी ८ किलोमीटरच्या वर जात नाही. डगमगते, आणि नेमकी तिथेच मागे बस असते. २०२२ पासून इथल्या हायवे कोडमध्ये लिहिलंय, की ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवावं. प्रत्यक्षात काय होतं, हे बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांनी फार आधीच मोजलं होतं, तेही ब्रिस्टल आणि सॉल्सबरीच्या रस्त्यांवर. सायकलवर अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवून ते हिंडले, आणि ओलांडून जाणाऱ्या दोन हजारांहून जास्त वाहनांची अंतरं नोंदली. बस आणि ट्रक मोटारींपेक्षा जवळून गेले. लांब केसांचा टोप घालून, पाठमोरे बाईसारखे दिसतील असे ते निघाले, तेव्हा गाड्यांनी सरासरी १४ सेंटिमीटर जास्त जागा सोडली. (माझे केस आखूड आहेत. वेणीचा विचार केला होता.) या प्रयोगात स्वतः वॉकर यांना एकदा बसने आणि एकदा ट्रकने धडक दिली.

म्हणून मी फुटपाथ धरते. चढावर माझी ऊर्जा दोनशे-सव्वादोनशे ज्यूल, आईच्या जेमतेम चौपट. मी कुणाला जोरात आदळणार नाही. फार तर कुणाच्या वाटेत आडवी येईन. उताराचं तसं नाही. उतारावर सायकल आपोआप ताशी २५ किलोमीटर गाठते, म्हणजे काही दिसल्यावर बोटं ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात सात मीटर पार. एवढ्या वेगात रस्त्यावरच्या गाड्यांबरोबर जाणं कठीण नसतं. तेव्हा चढताना फुटपाथवर आलेल्या माणसाला मी समजून घेईन, उतरताना आलेल्याला नाही. हा माझा निवाडा. आईच्या कोपराला त्यातलं काही कळण्याचं कारण नाही. आणि घंटीचं म्हणाल, तर मागे काहीतरी आहे एवढंच ती सांगते, कुठल्या बाजूने येतंय ते सांगत नाही. माणूस दचकतो आणि दोनातल्या एका बाजूला सरकतो.

फुटपाथवर मी तरी सुरक्षित असते का? तेही नाही. आमच्या गल्लीत प्रत्येक घरासमोर गाडी काढायची जागा, आणि कडेला उंच कुंपण. गाडी मागे घेणाऱ्याला फुटपाथ चारेक मीटर दिसतो. चालणारा माणूस ते अंतर तीन सेकंदांत काटतो. सेकंदाला पाच मीटर जाणारी सायकल पाऊण सेकंदात. त्या माणसाने काळजीपूर्वक बघितलं तरी मी तेव्हा तिथे नसतेच.

मग दंड वाढवायचा का? याचं सगळ्यात बोलकं मोजमाप मला न्यूयॉर्कचं वाटतं. ब्रुकलिनमधल्या प्रॉस्पेक्ट पार्क वेस्ट या रस्त्यावर २०१० मध्ये मोटारींची एक लेन काढून, उभ्या गाड्यांच्या आडोशाला सायकलींसाठी वेगळी मार्गिका केली. त्याआधी तिथे कामाच्या दिवशी शंभरातले ४६ सायकलस्वार फुटपाथवरून जायचे. नंतर ३. तीच माणसं, तोच रस्ता. काही रहिवासी मार्गिकेच्या विरोधात कोर्टात गेले आणि तो खटला २०१६ पर्यंत रेंगाळला, पण फुटपाथ मोकळा झाला होता.

इंग्लंडातही कागदावर हे मान्य आहे. जुलै २०२० मध्ये सरकारने काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय, की सायकल हे वाहन समजा आणि शहरी रस्त्यांवर पादचाऱ्यांपासून ती वेगळी ठेवा. फुटपाथवर पांढरा पट्टा ओढून एका बाजूला सायकलचं चित्र काढणं हे त्यात बसत नाही. आमच्या चढावर तो पट्टासुद्धा नाही. डाव्या हाताला दिवसभर उभ्या गाड्यांची रांग आहे, अंदाजे दोन मीटर रुंद आणि चारशे मीटर लांब. सायकलची जागा तिथे आहे, फक्त सध्या भरलेली आहे. कौन्सिलने रहिवाशांची मतं मागवली तेव्हा मी हे नकाशासह लिहून पाठवलं. शेजारच्या काकांनी, ज्यांची गाडी त्या रांगेत असते, उलट लिहिलं. आम्ही अजून एकमेकांकडे केक पाठवतो.

तोवर काय करायचं? आईच्या त्या प्रसंगानंतर मी चढाच्या पायथ्याशी उतरते आणि सायकल हाताने ढकलत नेते. ढकलणारी व्यक्ती पादचारीच मानली जाते. झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल ढकलत नेणाऱ्या एका बाईच्या खटल्यात १९८० मध्येच तसा निकाल लागला आहे. लेक सीटवर बसून गाणी म्हणते, मला धाप लागते.

परवा व्हिडिओ कॉलवर मी हे आईला अभिमानाने सांगितलं. तिने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "म्हणजे तू आणि सायकल शेजारी शेजारी? मग समोरून येणाऱ्याने कुठून जायचं?"

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजलं. फुटपाथ १ मीटर ७० सेंटिमीटर. मी आणि सायकल, १ मीटर १५.