वर्षावास एकटीने होत नाही : भिक्खुणी संघाचे वर्ष समजून घेऊ या

आषाढ पौर्णिमा जवळ आली की आपल्या विहारांच्या ग्रुपवर वर्षावासाच्या कार्यक्रमपत्रिका फिरू लागतात. तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन, रविवारी प्रवचन, पौर्णिमेला खीरदान आणि शेवटी चीवरदान. पारनेरसारख्या तालुक्याच्या गावापासून मुंबईच्या वस्त्यांपर्यंत हा क्रम आता ठरल्यासारखा झाला आहे. एखाद्या रविवारी भिक्खुणींनाही निमंत्रण जाते. त्या येतात, त्रिसरण-पंचशील देतात, देसना देतात, दुपारच्या आत भोजन करून निघतात.

त्या निघून कुठे जातात? वर्षावासाचे तीन महिने त्या कोणासोबत राहतात? हा प्रश्न आपण कार्यकर्ते फारसा विचारत नाही. आणि तो विचारल्याशिवाय भिक्खुणी संघाचे सण-उत्सव समजत नाहीत, कारण त्यांचे सगळे वर्ष एकत्र राहण्यावर उभे आहे.

पावसाळ्याचा नियम

भिक्खू पावसाळ्यातही फिरतात, कोवळे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी तक्रार लोकांनी केली तेव्हा भगवान बुद्धांनी वर्षावास सांगितला. पारनेर पर्जन्यछायेचा भाग. पाऊस बेताचाच, पण आषाढात मूग-बाजरीची उगवण झालेल्या रानातून चालताना पाय कुठे ठेवावा, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. नियमामागचा विचार तोच आहे.

आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वर्षावास सुरू होतो. ज्यांना तेव्हा जमत नाही, ते श्रावण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू करू शकतात. निकडीच्या कामासाठी सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभा आहे. वर्षावास उघड्यावर करता येत नाही, डोक्यावर छप्पर हवे. संघातले ज्येष्ठत्वही पावसाळ्यांनीच मोजतात. "आपले वर्षावास किती झाले?" हाच तिथे वयाचा प्रश्न.

भिक्खुणींच्या विनयात याला आणखी बाजू आहेत. वर्षावासात चारिका केली तर दोष लागतो आणि वर्षावास संपल्यावर पाच-सहा योजनेही चारिका केली नाही तरी दोष लागतो. म्हणजे तीन महिने थांबायचे आणि नंतर लोकांत जायचे, दोन्ही कर्तव्येच. भिक्खुणीने एकटीने गावोगाव जायचे नाही, एकटीने नदी ओलांडायची नाही, रात्री एकटीने राहायचे नाही. अरण्यात राहणाऱ्या भिक्खुणींवर अत्याचार झाल्यावर त्यांचे अरण्यातले राहणे बंद झाले. म्हणून त्यांचे निवास वस्तीत किंवा वस्तीला लागून असत.

जुन्नरचा पुरावा

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. पारनेर तालुक्याच्या पश्चिमेला जुन्नर तालुका लागतो. जुन्नरच्या डोंगरांत सातवाहन-क्षत्रप काळातली दीडशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तिथल्या एका ब्राह्मी लेखात धम्मोत्तरीय निकायाच्या भिक्खुणींच्या उपाश्रयाचा उल्लेख आहे आणि तो उपाश्रय नगरात असल्याचे म्हटले आहे. विनयात जे सांगितले, तेच दगडावर सापडते.

कोकणात कुडा येथे पदुमनिका नावाच्या भिक्खुणीने लेणे दान दिल्याचा लेख आहे. तिच्यासोबत बोधी आणि आसाळ्हमिता या तिच्या शिष्यांची नावे आहेत. गुरू आणि दोन शिष्या, म्हणजे तिथेही ती एकटी नाही.

पावसाळ्याचा खर्च समाज कसा उचलत असे, हे नाशिकच्या पांडवलेण्यात दिसते. दहाव्या लेण्यातल्या लेखानुसार उषवदाताने 3000 कार्षापणे कायम ठेव म्हणून दिली. त्यातली 2000 विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा 1 व्याजाने ठेवली. या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापणे चीवरासाठी द्यायची होती. हिशेब करून पाहा. 2000 वर वर्षाचे व्याज 240 आणि 20 गुणिले 12 म्हणजेही 240. मुद्दल शाबूत राहते आणि दरवर्षी चीवर मिळते. ही व्यवस्था भिक्खूंसाठी होती, पण रीत शिकण्यासारखी आहे. दात्याने एका दिवसाचा कार्यक्रम केला नाही, दर पावसाळ्याची सोय केली.

उत्सव आणि संख्या

भिक्खुणी संघाचे वर्ष पौर्णिमांवर चालते. दर पंधरा दिवसांनी उपोसथ येतो. त्या दिवशी पातिमोक्खाचे पठण होते. थेरवाद परंपरेत भिक्खुणींचे नियम 311 आहेत, भिक्खूंचे 227. पठणासाठी किमान चार जणी लागतात. दोघी-तिघी असतील तर त्या एकमेकींना आपली परिशुद्धी सांगतात. एकटी असेल तर ती मनाशी अधिष्ठान करते.

आश्विन पौर्णिमेला पवारणा होते. तीन महिने सोबत राहिलेल्या भिक्खुणी एकमेकींना विनंती करतात की माझे काही चुकलेले पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर सांगा, मी सुधारेन. नंतर हीच विनंती भिक्खू संघापुढेही करायची असते. संघाची पवारणा व्हायला किमान पाच जणी हव्यात. आपल्या संघटनांत वर्षातून एक दिवस असा ठेवला, तर किती गट फुटायचे वाचतील!

त्यानंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठीण चीवराचा काळ. इथे आपल्याकडे गोंधळ होतो. कोणत्याही चीवरदानाला आपण पत्रिकेवर 'कठीण चीवरदान' छापतो. कठीण चीवर व्यक्तीला देता येत नाही, ते संघाला दिले जाते. एकाच ठिकाणी वर्षावास पूर्ण केलेल्या किमान पाच जणांचा संघ त्यासाठी लागतो. मूळ पद्धतीत कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून चीवर तयार करतात आणि संघ ते आपल्यातल्या एकाला देतो. एकट्या भिक्खुणीला दिलेले चीवर हे चांगलेच दान आहे, पण ते कठीण नव्हे. भिक्खुणींचे कठीण व्हावे असे वाटत असेल, तर पाच जणींना तीन महिने एकत्र राहता येईल अशी जागा आधी लागते.

इतर देशांत भिक्खुणींशी जोडलेल्या पौर्णिमाही पाळतात. श्रीलंकेत भाद्रपद पौर्णिमेला महापजापती गोतमी आणि भिक्खुणी संघाच्या स्थापनेचे स्मरण होते. मार्गशीर्ष पौर्णिमा संघमित्रा थेरींची. बोधिवृक्षाची फांदी घेऊन त्या लंकेत गेल्या आणि तिथे भिक्खुणी संघ उभा राहिला. या दोन्ही पौर्णिमा आपल्या दिनदर्शिकेत आहेतच. त्या दिवशी भिक्खुणींची आठवण मात्र क्वचितच निघते.

तुटलेला धागा

श्रीलंकेतला भिक्खुणी संघ अकराव्या शतकाच्या सुमारास संपला. थेरवाद परंपरेत भिक्खुणींची उपसंपदा जवळपास हजार वर्षे थांबली. डिसेंबर 1996 मध्ये सारनाथला आणि फेब्रुवारी 1998 मध्ये बोधगयेला झालेल्या उपसंपदांनी तो धागा पुन्हा जोडला. दोन्ही घटना भारतभूमीवर घडल्या. आज नागपूरसह महाराष्ट्रात काही ठिकाणी भिक्खुणी आणि सामणेरी आहेत. काही देशांतले ज्येष्ठ भिक्खू या उपसंपदेला अजून मान्यता देत नाहीत, हेही वास्तव आहे.

बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. 'महाबोधि' नियतकालिकात 1951 मध्ये आलेल्या आपल्या लेखात त्यांनी मांडले की स्त्रियांना प्रव्रज्या देऊन बुद्धांनी त्यांना ज्ञानाचा अधिकार खुला केला. आपण त्या विचाराचे वारस म्हणवतो. मग हा अधिकार वापरणाऱ्या स्त्रीला पावसाळ्यात राहायला खोली मिळते का, हे पाहणे आपलेच काम आहे.

आपण काय करू शकतो

पहिली गोष्ट, निमंत्रण देताना दोघींना द्या आणि प्रवासाची सोय दोघींची करा. एकटीला बोलावणे म्हणजे तिला तिचा नियम मोडायला लावणे.

दुसरी, चीवरदान करताना विचारून करा. भिक्खूची चीवरे तीन, भिक्खुणीची पाच. संघाटी, उत्तरासंग आणि अंतरवासक यांशिवाय छाती झाकणारी संकच्चिका आणि अंघोळीची उदकसाटिका. भिक्खुणींना अंघोळीचे वस्त्र मिळावे म्हणून विशाखा उपासिकेने बुद्धांकडे खास परवानगी मागितली होती. तिने आधी गरज ओळखली, मग दान दिले.

तिसरी, तालुक्यातल्या चार-पाच विहारांनी मिळून एक निवास चालवावा. वस्तीतले घर, आतून कडी लागणारी दारे, स्वच्छतागृह, पाणी आणि जवळ दवाखाना. भोजनदान आळीपाळीने करता येते. प्रत्येक गावाने स्वतंत्र मंडप घालण्याच्या खर्चात हे बसू शकते. आणि उषवदातासारखी बँकेत एक ठेव ठेवली, तर पुढच्या पावसाळ्याला पुन्हा वर्गणी फिरवावी लागणार नाही.

चौथी, प्रव्रज्येचा विचार करणाऱ्या मुलीला वेळ द्या. उपसंपदेपूर्वी सिक्खमाना म्हणून दोन वर्षांचे शिक्षण असते. ते अनुभवी भिक्खुणीच्या सहवासात होते आणि सहवासाला पुन्हा जागाच लागते.

दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नर नगराने भिक्खुणींना उपाश्रय दिला होता. यंदाच्या वर्षावासाची बैठक घ्याल तेव्हा प्रवचनकारांच्या यादीआधी निवासाचा विषय घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!