दिवा काही विझेना!

सेन्सर बदलला, पुन्हा बदलला, तरी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा हजर? तिसऱ्यांदा पाकीट उघडायच्या आधी दोन मिनिटं थांबा, बॉस.

शनिवारची सकाळ. मागच्या सीटवर बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेले, पाय उशीवर. शेजारी आई, मांडीवर औषधांची पिशवी. पुण्याहून साताऱ्याला त्यांना घरी सोडायला निघालेलो. खंबाटकीचा चढ अर्धा झाला आणि इंजिनच्या आकाराचा तो पिवळा दिवा लागला. वर्षभरात तिसऱ्यांदा!

‘मागच्याच महिन्यात दुरुस्त केलीस ना रे?’ बाबा मागून म्हणाले. काय बोलणार? केली होती. दोनदा केली होती. दर वेळी साडेचार हजारांचा ऑक्सिजन सेन्सर, वर मजुरी. ईएमआय संपलेली सेकंडहँड गाडी म्हणजे फुकटातली गाडी, हा माझा भ्रम तोवर पुरता उतरला होता.

आधी एक कामाची गोष्ट. हा दिवा नुसता लागून राहिला आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश मुक्कामाला पोचता येतं. पण तो लुकलुकायला लागला, तर गाडी बाजूला घ्या. म्हणजे इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतोय. त्याच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. किमतीचा अंदाज तुम्हीच करा. माझा दिवा लुकलुकत नव्हता. साताऱ्याला पोचलो, पण सगळा रस्ता माझी नजर डॅशबोर्डवर आणि बाबांची माझ्यावर.

हा सेन्सर करतो तरी काय?

स्पार्क प्लगचा चुलतभाऊ वाटावा, असा हा नग धुराच्या नळीत आट्याने बसवलेला असतो. बाहेर जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे तो हुंगतो आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, हा त्यातला सोन्याचा भाव. त्याच्या आसपास राहिलं तरच कन्व्हर्टर विषारी वायू नीट साफ करतो. १९७६ साली व्होल्वोने बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा गाडीत बसवला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. बाइकवाल्यांनो, हसू नका. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि फ्युएल इंजेक्शनसोबत हा पाहुणा तुमच्याही सायलेन्सरवर येऊन बसलाय.

साताऱ्याहून परतल्यावर मी ऑनलाइन एक ब्लूटूथ स्कॅनर मागवला. काड्यापेटीएवढा डबा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसायचा आणि मोबाइलवर कोड वाचायचा. कोड आला पी ०१३३. मग आधीच्या दोन बिलांवर गॅरेजवाल्याने पेनाने खरडलेले कोड पाहिले. तेच. पी ०१३३ म्हणजे सेन्सर मेलेला नाही, तो उशिरा उत्तर देतोय. सुस्तावलाय.

इथेच आपण सगळे फसतो. कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं की सेन्सर बदलायचा! पी ०१३५ आला, तर भानगड सेन्सरच्या आतल्या हीटरच्या सर्किटमध्ये असते. तिथे कधी नुसता फ्यूज उडालेला निघतो, कधी गरम नळीला टेकून वायर वितळलेली असते. पी ०४२० मध्ये तर कॉम्प्युटर थेट कन्व्हर्टरबद्दल तक्रार करतो, आणि लोक बदलून येतात मागचा सेन्सर. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. त्यात बिचारा सेन्सर बहुधा खरंच बोलत असतो.

ऑफिसातल्या एका मित्राने मला नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे पाठवलं. छोटं दुकान, भिंतीवर गणपती, टेबलावर जुनं मल्टीमीटर. माझा स्कॅनर त्यांनी खेळण्यासारखा हातात घेऊन पाहिला. ‘बरा आहे की! आता ह्याचा ग्राफ लाव.’

इंजिन गरम झाल्यावर मोबाइलवर पुढच्या सेन्सरची रेघ दिसायला लागली. ठणठणीत सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये भराभर वर-खाली नाचतो. माझा डुलत होता, लग्नातलं जेवण झाल्यावर काका लोक डुलतात तसा. त्यांनी अॅक्सिलरेटर झटक्यात दाबला. मिश्रणात पेट्रोल वाढलं की रेघ लगेच वर जायला हवी. गेली, पण रमतगमत. पाय काढला, पुन्हा तेच. ही चाचणी लक्षात ठेवा. रेघ टुणकन उडत असेल, तर सेन्सर जिवंत आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा.

‘सेन्सर गेलाय, बाळा,’ काका म्हणाले, ‘पण गेला कशाने? थर्मामीटर बदलून कुणाचा ताप उतरलाय का?’

मग त्यांनी गार इंजिन चालू करून सायलेन्सरच्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. सेन्सरच्या आधी कुठे बारीक फट असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटर उगाच पेट्रोल वाढवतो आणि आपण मायलेजच्या नावाने बोटं मोडतो. बुडबुडे आले नाहीत. शेवटी सेन्सर खोलला. त्याचं टोक वाचता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जळतंय. तपकिरी, तेलकट थर असेल, तर इंजिन ऑइल खातंय. पांढुरका थर दिसला की संशय दोघांवर: हेड गॅस्केटमधून झिरपणारा कूलंट, नाहीतर सिलिकॉन. माझ्या सेन्सरवर पांढरी पूड होती, कुणीतरी खडू घासल्यासारखी. कूलंटची पातळी मात्र जागच्या जागी.

‘बिलं आहेत का?’ काकांनी विचारलं. दोन्ही बिलं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली. पहिली ओळ ऑक्सिजन सेन्सर. दुसरी ओळ मी आजवर वाचलीच नव्हती: ‘टॅपेट कव्हर लीकेज, सीलंट’. दोन्ही बिलांवर.

काकांनी कव्हरच्या कडेने बाहेर आलेला निळा रबरी गोळा नखाने ओरबाडून माझ्या तळहातावर ठेवला. साधं सिलिकॉन, बाथरूमच्या फटी बुजवतात त्या जातीचं. ते वाळताना सुटणारी वाफ कव्हरच्या आतून इंजिनच्या श्वासात जाते, जळते, तिची वाळूसारखी सिलिका होते आणि सेन्सरच्या टोकावर जाऊन बसते. म्हणजे गॅरेजमध्ये नवा सेन्सर बसत होता आणि त्याच दिवशी त्याच्या मरणाची सोयही होत होती! पहिला, कंपनीतून आलेला सेन्सर दहा वर्षांत वयाने गेला असणार. दुसऱ्याचा मात्र खूनच म्हणायचा, आणि तिसराही त्याच वाटेने गेला.

मी फणफणलो होतो. काका शांत. ‘मुद्दाम नाही रे केलं त्याने. पॅकिंग मिळालं नसेल, गिऱ्हाईक घाईत असेल.’ घाईत होतोच मी. दोन्ही वेळा ‘संध्याकाळी सातला गाडी पाहिजे’ असं मीच बजावलं होतं.

कव्हर साफ केलं, नवं रबर पॅकिंग टाकलं. ते काहीशे रुपयांचं निघालं. ऑइल बदललं. चौथा सेन्सर, अर्थातच, माझ्या खिशातून. दोघा बळींनी मिळून नऊ हजार खाल्ले होते, त्यात महाबळेश्वरचा एक चांगला वीकेंड झाला असता. त्याला आता चौदा महिने झालेत. महिन्यातून एकदा स्कॅनर लावून रेघ बघतो. नाचते आहे.

एक जाता जाता. ‘पीयूसी मिळालंय की, मग काय टेन्शन?’ असं म्हणू नका. दुसरा सेन्सर सुस्तावत होता, तेव्हाही माझ्या गाडीला पीयूसी मिळालं होतं. उभ्या गाडीच्या धुराची ती पाच मिनिटांची परीक्षा. घाटात, सिग्नलला, ओव्हरटेक करताना इंजिन काय ओकतं, हे त्या कागदाला कळत नाही.

जुन्या गॅरेजमध्येही जाऊन आलो. भांडायलाच गेलो होतो, पण तळहातावरचा निळा गोळा दाखवल्यावर तो पोरगा गप्पच झाला. मग फळीवरून ट्यूब काढली, उलटी केली, पाठीमागची बारीक अक्षरं वाचायला लागला. ‘सेन्सर सेफ’ असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ‘दादा, ही ट्यूब तर मी सगळ्यांच्या गाड्यांना लावतो,’ तो म्हणाला.