कुटुंब दत्तक घेणारे विद्यार्थी आणि मनाचे आजार

सारसोळे गावठाणातील पन्नाशीच्या एक मासळी विकणाऱ्या बाई सहा-सात महिने माझ्याकडे येत होत्या. कधी डोके दुखे, कधी हातापायांना मुंग्या, कधी छातीत धडधड. रक्तदाब, साखर, कार्डिओग्राम सर्व ठीक. मी बी-कॉम्प्लेक्स लिहून देत होतो. एके दिवशी वैद्यकीय शिक्षण घेणारी एक मुलगी त्यांच्या घरी गेली व ओट्यावर बसून विचारती झाली, "मावशी, रात्री झोप लागते का?"

"झोप कुठली बाय, दोन वाजल्यापासून डोळे उघडेच!"

मग तासभर बाई बोलत होत्या. मुलगा गेल्यापासून जेवणावर वासना नाही, बाजारात जावेसे वाटत नाही, जगण्यात राम नाही. आजार नैराश्याचा होता. मी झोपेविषयी एकदाही विचारले नव्हते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. विद्यार्थ्याने काही कुटुंबांची निवड करून त्यांच्याकडे वारंवार जावयाचे असते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत तर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, ही तेथील जुनी पद्धत. या भेटींत वजन-रक्तदाबाबरोबर मनाचीही विचारपूस व्हावी, असे मला वाटते.

मानसोपचारतज्ज्ञ नसलेली माणसे हे काम करू शकतात काय? गोव्यात 'संगत' संस्थेने दोन महिन्यांचे प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशक स्त्रियांना दवाखान्यांत नेमले. त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख होती. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. अशी मदत नसलेल्या केंद्रांत सुमारे ४२ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही, हे आम्ही मंडळींनी लक्षात घ्यावे.

विद्यार्थ्याने निदान करू नये, गोळ्या सुचवू नयेत. ऐकावे, आणि दोन आठवड्यांहून अधिक उदासी, निद्रानाश वा कामात मन नसणे आढळल्यास आपल्या शिक्षकांना सांगून रुग्णाला डॉक्टरांपर्यंत न्यावे. "जीव द्यावासा वाटतो का?" हे विचारायला घाबरू नये, विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. होय म्हटले तर रुग्णाला एकटे सोडू नये. मात्र ऐकलेले शेजारच्या ओट्यावर जाता कामा नये. गावठाणात भिंतीला भिंत लागलेली असते, आणि सुनेसमोर सासू बोलत नाही.

नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून लोक गोळ्या सोडतात. बरे वाटल्यावरही त्या साधारण सहा महिने तरी घ्याव्या लागतात. येथे विद्यार्थ्याची पुढची भेट फार उपयोगी पडते. मनाच्या त्रासासाठी शासनाची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. मराठीतही बोलता येते.

त्या बाईंच्या गोळ्या अजून चालू आहेत. गेल्या आठवड्यापासून त्या पुन्हा टोपली घेऊन बाजारात बसू लागल्या आहेत.